आयरिश कॉमेंट्री कळेपर्यंत: गॉलवेतले साडेसहा महिने

आयर्लंडमध्ये टीव्हीला साधा अँटेना लावला की चौथ्या नंबरावर टीजी४ हे आयरिश भाषेतलं चॅनल लागतं. बाहेरून राहायला आलेले आपण बहुतेक जण तिथे थांबत नाही. हिरवंगार मैदान दिसतं, हातात काठ्या घेतलेले पंधरा-पंधरा खेळाडू दिसतात आणि बोलणाऱ्याचं अक्षरही कळत नाही. मग पुढचं चॅनल. जानेवारी २०२५ मध्ये ठरवलं की या मोसमात तसं करायचं नाही. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी एक अख्खा सामना फक्त आयरिश कॉमेंट्री ऐकून, बरोबर गुण मांडत पार पडला. मधल्या काळात काय केलं, कुठे अडलं, किती पैसे गेले ते लिहून ठेवतो आहे. कोणाला हाच उद्योग करायचा असेल तर माझे दोन महिने तरी त्याचे वाचतील.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. टीजी४ सुरू झालं ३१ ऑक्टोबर १९९६ ला, तेव्हा नाव वेगळं होतं. आताचं नाव १९९९ पासून. मुख्यालय गॉलवे शहराच्या पश्चिमेला, कॉनेमारा भागातल्या बाल्ये न हावन या गावात. आयरिश शाळेत सगळ्यांना शिकवतात. २०२२ च्या जनगणनेत पावणेएकोणीस लाख लोकांनी ‘येते’ असं सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे बहात्तर हजारांच्या आतच. या भाषेतलं खेळाचं समालोचन मात्र टीव्हीपेक्षा बरंच जुनं आहे. मीहॉल ओ मुर्हर्ती यांनी १९४९ मध्ये सेंट पॅट्रिक दिनाला, वयाच्या अठराव्या वर्षी, रेल्वे कप या प्रांतांमधल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याची पहिली कॉमेंट्री केली तीच आयरिशमध्ये. २०१० पर्यंत ते बोलत होते. आपल्याकडे बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट ऐकवलं, त्याच जातीचं हे काम.

सुरुवात १९ जानेवारीला केली. त्या दिवशी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर क्लबांचे दोन अंतिम सामने होते, आधी हर्लिंग (तोच काठ्यांचा खेळ) आणि मग फुटबॉल (आयरिश पद्धतीचा, हातानंही खेळतात तो), दोन्ही टीजी४ वर. पहिल्या वीस मिनिटांत कळलेले शब्द दोन: ‘कूल’ आणि ‘अमाख़’. पैकी दुसऱ्याचा अर्थ नंतर शोधावा लागला (‘बाहेर’). पुढच्याच आठवड्यात लीग सुरू होणार होती, तर २४ तारखेला एओविन वादळ आलं आणि घरची वीज तीन दिवस गेली. तेव्हा पहिला आठवडा वहीवरच गेला, मेणबत्तीशेजारी, आणि तेच बरं झालं. कारण कॉमेंट्री ऐकायला बसण्याआधी गुणांचं गणित पाठ असावं लागतं.

गणित असं. चेंडू आडव्या दांडीवरून, दोन खांबांमधून गेला तर एक गुण. दांडीखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. फलकावर दोन्ही वेगळे लिहितात: १-११ म्हणजे एक गोल आणि अकरा गुण, एकूण चौदा. २०२४ चा फुटबॉलचा अंतिम सामना आर्मानं गॉलवेविरुद्ध १-११ ते ०-१३ असा जिंकला, म्हणजे एका गुणानं. समालोचक बेरीज सांगत बसत नाही, तो ‘एक गोल आणि अकरा गुण’ एवढंच म्हणतो. चौदा तुम्ही करायचे. त्यात २०२५ च्या लीगपासून फुटबॉलमध्ये चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळू लागले आहेत, त्यामुळे आकडा मध्येच दोनानं उडी मारतो. म्हणून नवख्यानं हर्लिंगपासून सुरुवात करावी. खेळ वेगवान असला तरी आकडा तिथे सरळ वाढतो.

आता शब्द. गोल म्हणजे ‘कूल’, एक गुण म्हणजे ‘कूलीन’. इथपर्यंत सोपं. पण सामना लावला तर ‘कूलीन’ फारसं ऐकूच येत नाही! ऐकू येतं ‘ख़ूलीन’ आणि ‘गूलीन’. (ख़ घशात घासून म्हणायचा, गजलेतला, ग़ सुद्धा तसाच.) पहिले दोन आठवडे हे तीन वेगळे शब्द आहेत असं समजून वहीत तीन ओळी केल्या होत्या. शब्द एकच आहे. आयरिशमध्ये आधीच्या शब्दामुळे पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. एक ते सहा या आकड्यांनंतर ‘कूलीन’चं ‘ख़ूलीन’ होतं, सात ते दहानंतर ‘गूलीन’. म्हणजे ‘त्री ख़ूलीन’ तीन गुण, ‘शे ख़ूलीन’ सहा, पण ‘ओख़्त गूलीन’ आठ.

आपल्याला हे विचित्र वाटायचं खरं तर कारण नाही. ‘घोडा’चं ‘घोड्याला’ आपणही करतोच. आपण शब्दाचं शेपूट बदलतो, हे लोक तोंड बदलतात. त्रास इतकाच की कोशात शब्द तोंडावरून शोधतात. ‘गूलीन’ ऐकून ग खाली शोधत बसलात तर मिळणार नाही. म्हणून अनोळखी शब्द ग नं सुरू होत असेल तर क खालीही पाहायचं, व नं सुरू होत असेल तर ब आणि म खाली. ही एक सवय लागली आणि फेब्रुवारीअखेर वहीतले निम्मे ‘सापडले नाही’ शेरे पुसले गेले.

एकदा नियम कळला की हीच अडचण कामाला येते. मैदानातल्या गोंगाटात आकडा बुडतो, पण ‘गूलीन’चा ग कानावर आदळतो, म्हणजे सात ते दहा, सतरा ते एकोणीस किंवा सत्तावीस ते एकोणतीस यातलंच काहीतरी. मागचा आकडा ठाऊक असला की उरलेलं आपोआप जुळतं. आकडेही परके नाहीत. तीनला ‘त्री’, सातला ‘श्यख़्त’, आठला ‘ओख़्त’, नऊला ‘नी’, दहाला ‘द्येह’. मुळात एकाच घराण्यातले. आणि सत्तावीस गुण म्हणजे ‘श्यख़्त गूलीन इस फिहे’: सात गुण आणि वीस. ‘सत्तावीस’ म्हणताना आपणही सात आधीच म्हणतो. वर्गातले इंग्रजीतून विचार करणारे इथे अडखळत होते, मराठी माणसानं अडखळायचं कारण नाही.

वर्गाचं आलंच आहे तर ते उरकतो. संध्याकाळचा वर्ग, दहा आठवडे, आठवड्यातून दोन तास, फी १५० युरो. जानेवारीचा वर्ग भरला होता, प्रतीक्षायादीत नाव घातलं आणि ११ फेब्रुवारीला जागा झाल्याचा मेल आला. वर्गात हवामान, कुटुंब, दुकानातलं बोलणं शिकवतात. खेळातला एकही शब्द येत नाही. तरी जाऊ नका असं म्हणणार नाही, कारण उच्चाराला माणूसच लागतो. शिवाय १ ते १७ मार्च या काळात ठिकठिकाणी आयरिशचा उत्सव असतो, तेव्हा फुकट गप्पांची मंडळं भरतात. त्यांना ‘किर्कल कोरा’ म्हणतात. तिथे ‘रविवारी मॅच पाहिली का’ एवढं विचारलं की पुढचा अर्धा तास आपल्याला फक्त ऐकायचं काम असतं. शब्दांसाठी टॅंगलन हा ऑनलाइन कोश वापरा. त्यात एकाच शब्दाचे तीन बोलींतले उच्चार ऐकायला मिळतात आणि पैसे लागत नाहीत.

मुख्य सराव घरीच केला. पद्धत साधी, पण क्रम मोडू नका. सामना रेकॉर्ड करायचा आणि त्यातली दहाच मिनिटं घ्यायची. दहापेक्षा जास्त घेतली की कान थकतो आणि नुसतं चित्र पाहणं सुरू होतं. पहिल्यांदा नेहमीसारखं पाहायचं. दुसऱ्यांदा टीव्हीच्या कोपऱ्यातला गुणफलक झाकायचा आणि वहीत गुण मांडायचे. तिसऱ्यांदा टीव्हीकडे पाठ करून फक्त ऐकायचं. फलक झाकायला आधी पारदर्शक चिकटपट्टीनं कागद लावला, तर तीन आठवड्यांनी पडद्यावर डिंकाचा चौकोन उमटला. तो काढायला ओलसर मऊ कापड आणि बराच संयम लागला. नंतर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा टीव्हीच्या वरच्या कडेवर अडकवून खाली लोंबता ठेवला. कपडे वाळत घालायचा चिमटा पुरतो.

वहीचं पान असं: मधोमध उभी रेघ, दोन्हीकडे एकेक संघ, गोलला गोळा, गुणाला उभी काडी, हुकलेल्या फटक्याला फुली. शब्द लिहायचे नाहीत. लिहायला गेलात की पुढचे दोन फटके निसटतात. न कळलेला शब्द आला तर फक्त घड्याळातली वेळ टिपायची आणि नंतर तिथे जाऊन ऐकायचं. पडताळणीला मैदानातला पांढऱ्या कोटातला पंच असतोच: पांढरा झेंडा हलला तर एक गुण, हिरवा हलला तर गोल. पांढऱ्या झेंड्याला ‘अन व्रातख़ वान’ म्हणतात, आणि यातले दोन्ही व मुळात ब आहेत. पुन्हा तेच तोंड बदलणं.

एप्रिलपर्यंत दीडशेच्या आसपास शब्द झाले आणि कॉमेंट्री तेवढ्यातच फिरते हे लक्षात आलं. ‘इश्त्याख़’ आत, ‘अमाख़’ बाहेर, ‘एर येश’ उजवीकडे, ‘एर ख़्ले’ डावीकडे. ‘हार अन त्रासनान’ म्हणजे दांडीवरून. बरोबरी झाली की ‘एर कोस्कोर’. ‘पुक अमाख़’ म्हणजे गोलरक्षकानं मारलेला चेंडू. मध्यंतर ‘ल्या-आम’. पिवळं कार्ड ‘कार्ता बी’, लाल ‘कार्ता द्यॅरग’. हर्लिंगच्या काठीला ‘कमान’ म्हणतात; आपल्या कमानीशी नातं जोडायच्या फंदात पडत नाही, पण काठीचं टोक वाकडं असतं, त्यामुळे शब्द एकदा ऐकला तो कायमचा राहिला.

एक सापळा मात्र सांगायलाच हवा. ‘कूल’ म्हणजे गोल, तसंच ‘कूल’ म्हणजे पाठ किंवा मागची बाजूसुद्धा. त्यामुळे गोलरक्षक ‘कूल बारे’ आणि मागच्या फळीतला बचावपटू ‘लानख़ूली’. घाईत ‘ख़ूली’ आणि ‘ख़ूलीन’ सारखेच ऐकू येतात. माझ्या मार्चमधल्या पानांवर दोन-तीन काड्या कायम जास्त आहेत त्या यामुळे. उपाय एकच: आधी आकडा ऐकू आला नसेल तर काडी मारायची नाही.

वाक्यरचना मात्र आपल्याला धार्जिणी आहे. ‘त्याच्याकडे चेंडू आहे’ असं आपण म्हणतो. आयरिशमध्येही ‘जवळ असणं’ असाच प्रकार आहे, इंग्रजीसारखं क्रियापद नाही. ‘ता अन लिअरोद एग’ एवढं ऐकू आलं की पुढे खेळाडूचं किंवा संघाचं नाव येणार: चेंडू अमक्याकडे आहे. आपण आनंद ‘मला होतो’ म्हणतो, त्यांचा आनंद माणसा‘वर’ असतो. अंतिम सामन्यानंतर करंडक घेताना कर्णधार परंपरेनं जे वाक्य म्हणतात त्याची सुरुवात हीच: ‘ता आन-आहस ओरम’, माझ्यावर फार आनंद आहे. पुढचं भाषण बहुतेक जण इंग्रजीत करतात. कॉर्कचा शॉन ओग ओ हॅल्पिन, ज्याची आई फिजीतल्या रोटुमा बेटाची, त्यानं २००५ मध्ये अख्खं भाषण आयरिशमध्ये केलं होतं.

सगळ्यात जास्त वेळ नावांनी खाल्ला. फलकावर ‘वॉल्श’ असतो तो कॉमेंट्रीत ‘ब्रॅहनख़’ होतो, ‘मर्फी’चा ‘ओ मुर्ख़ू’, ‘स्मिथ’चा ‘मॅक गावन’. आणि सगळ्यांची नावं बदलत नाहीत. ज्याचं आयरिश रूप रूढ नाही तो तसाच राहतो. त्यामुळे एका वाक्यात दोन्ही तऱ्हेची नावं येतात. यावर वर्ग, कोश, काहीच चालत नाही. मैदानावर मिळणारी छापील पत्रिका घ्या. तिच्यात खेळाडूंची नावं आयरिशमध्येही असतात. ती आदल्या दिवशी मोठ्यानं वाचायची, पाठीवरच्या आकड्यासकट. आकडा चित्रात दिसतो, नाव कानावर येतं, दोन्ही जुळायला दोन सामने लागतात. चार पत्रिकांचे मिळून पंधरा युरो गेले.

काउंटींची, म्हणजे जिल्ह्यांची (मोठे संघ त्यांचेच असतात), नावं तीसच्या आसपास, ती मात्र घोकावीच लागतात. डब्लिनला ‘आ क्लीअ’, कॉर्कला ‘कोर्की’, लिमरिकला ‘लिमन्यख़’, मीथला ‘अन वी’. गॉलवे म्हणजे ‘गॅलिव’. ‘गॉलवेसाठी’ म्हणताना ते ‘ग़ॅलिव’ होतं आणि ‘गॉलवेत’ म्हणताना ‘ङॅलिव’. हो, शाळेत क ख ग घ नंतर घोकलेला तोच ङ, शब्दाच्या सुरुवातीला! मराठीत त्या बिचाऱ्यानं सुरू होणारा शब्द नाही, इथे तो दर रविवारी भेटतो.

मे-जूनमध्ये प्रगती अडली आणि कारण लक्षात यायला तीन आठवडे लागले. मुख्य समालोचक कॉनेमाऱ्याचा असेल तर कळत होतं, पण शेजारी बसलेला माजी खेळाडू बोलू लागला की सगळं धुक्यात. कारण बोली. पश्चिमेची एक, दक्षिणेला केरी-कॉर्कची दुसरी, उत्तरेला डोनेगॉलची तिसरी. दक्षिणेकडचे शब्दाच्या दुसऱ्या भागावर जोर देतात, त्यामुळे ‘कूलीन’मधला ‘लीन’ ठसतो. उत्तरेकडचे स्वर आखडून घेतात. मुलाखतीत ‘कसा आहेस’ कसं विचारतात यावरून बोली ओळखता येते: ‘कॉनस’ ऐकलं तर दक्षिण, ‘ख़्वी’ ऐकलं तर पश्चिम, ‘गाजे’ ऐकलं तर उत्तर. एका वेळी एकच बोली धरा, आणि ती कॉनेमाऱ्याची धरा. बाकीच्या दोन पहिल्या वर्षी कळल्या नाहीत तरी गुण मांडायचं अडत नाही. ज्या खेळाडूला आयरिश येत नाही त्याची मुलाखत इंग्रजीतच होते, तेवढा वेळ कानाला विश्रांती.

जुलैत नवी अडचण. पुरुषांचे अंतिम सामने आरटीई या राष्ट्रीय वाहिनीवर, इंग्रजीत. आयरिश कॉमेंट्री मग रेडिओवर, राय्दिओ न गेल्तख़्तावर. हे केंद्र १९७२ पासून चालू आहे आणि एफएमवर ९२ ते ९४ च्या पट्ट्यात देशभर लागतं. टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावला की झालं, असं वाटतं, होत नाही. एफएम टीव्हीच्या काही सेकंद पुढे असतं, त्यामुळे गोल आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. एफएमला थांबवता येत नाही. म्हणून रेडिओ मोबाइलवर, इंटरनेटवरून लावा: तो टीव्हीच्या मागे पडतो, आणि टीव्ही रेकॉर्डरवरून थांबवता येतो. सामना सुरू होताना पंचाची शिट्टी चित्रात दिसली की टीव्ही थांबवा, रेडिओत शिट्टी ऐकू आली की चालू करा. दर मध्यंतरानंतर पुन्हा जुळवावं लागतं. मोबाइल वायफायवर असू द्या. मध्येच नेटवर्क बदललं की जुळणी विस्कटते.

२० जुलैचा हर्लिंगचा अंतिम सामना, टिपरेरी आणि कॉर्क, असाच ऐकला. मध्यंतराला कॉर्क १-१६, टिपरेरी ०-१३. उत्तरार्धात टिपरेरीच्या बाजूला काड्या पडत गेल्या, गोळे पडले, आणि कॉर्कची बाजू कोरी. ‘शे ख़ूलीन द्येग’, सोळा, हेच पुन्हा पुन्हा. आपलंच काहीतरी चुकतंय, एखादा आकडा निसटतोय, असं वाटून दोनदा पुठ्ठा उचलून फलक पाहिला. चूक नव्हती. ‘ख़ूलीन’चं ‘गूलीन’ झालं सतरावर, मग अठरा, आणि तिथेच संपलं. कॉर्कनं अख्ख्या उत्तरार्धात दोन गुण केले. सामना ३-२७ ते १-१८ असा सुटला.

या टप्प्यापर्यंतचा खर्च: टीव्ही लायसन्स वर्षाचं १६० युरो (ते घरात टीव्ही आहे म्हणून भरावंच लागतं, आयरिशचा संबंध नाही), घरातला अँटेना २५, वर्ग १५०, पत्रिका १५, वही आणि पेन्सिली पाचच्या आत. भारतातून पाहायचं असेल तर टीजी४ चं ॲप आहे, पण त्यावरचे सगळे सामने आयर्लंडबाहेर दिसत नाहीत, हक्कांवर अवलंबून. रेडिओचं समालोचन हा तिथून जास्त भरवशाचा मार्ग.

३ ऑगस्टचा महिलांच्या फुटबॉलचा अंतिम सामना टीजी४ वर होता, डब्लिन विरुद्ध मीथ. त्याच्या तयारीला आठवडा दिला, कारण महिलांची आडनावं पुन्हा वेगळी. वडिलांचं ‘ओ मुर्ख़ू’ तर मुलीचं ‘नी वुर्ख़ू’. ‘मॅक’ असेल तिथे ‘निक’. म म्हणून पाठ केलेलं नाव व म्हणून कानावर येतं. पुरुषांच्या सामन्यांवर बेतलेली यादी इथे निकामी ठरते, नवी करावी लागते. सोय एकच, महिलांच्या सामन्यात घड्याळ उलटं चालतं आणि शेवटी भोंगा होतो, त्यामुळे किती वेळ उरला हे समालोचकाच्या तोंडून कळायची वाट पाहावी लागत नाही.

पुठ्ठा साठ मिनिटं खाली होता. भोंगा झाल्यावर वहीत डब्लिनच्या बाजूला दोन गोळे आणि सोळा काड्या, मीथच्या बाजूला दहा काड्या. समालोचकानं म्हटलं, ‘ग़ा ख़ूल अगस शे ख़ूलीन द्येग’ आणि ‘द्येह गूलीन’. पुठ्ठा काढला: २-१६, ०-१०.

सप्टेंबरअखेर रग्बीचा मोसम सुरू होतो आणि युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपचे काही सामने टीजी४ वरच असतात. त्यासाठी वहीचं नवं पान केलं आहे. ‘ऊद’ म्हणजे ट्राय (चेंडू रेषेपलीकडे टेकवणं), ‘क्लिबर्त’ म्हणजे स्क्रम (दोन्ही संघांची खांद्याला खांदा लावून रेटारेटी). तिथे गुण पाच, तीन आणि दोननं वाढतात, त्यामुळे काड्यांची पद्धत चालणार नाही. सध्या प्रत्येक वेळी एकूण आकडाच लिहून पाहतो आहे.